दाराचा दिवा

१२ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत, तुम्हीही असालच. वहिनीची कंबर कशी आहे?

हिला एकदम पत्र लिहायची काय हुक्की आली, असं म्हणशील. अरे, फोनवर आपण हवापाण्याचं बोलतो, मग तू 'चल, ठेवू?' म्हणतोस आणि मी 'ठेव' म्हणते. कागदावर निदान तुला मध्येच ठेवता येणार नाही.

कामाचं सांगते. आमच्या शीतगृहातले जुने गेटवे काढून नवे बसवले. जुन्यातले दोन डबे साहेबांना विचारून मी घरी आणले. तू हल्ली नुसत्या सह्या करतोस, म्हणून आठवण करून देते: यंत्रांचे निरोप नेटवर्कवरून इकडचे तिकडे नेणारा हा डबा. त्याच्या कडेला वायरी कसायच्या जागा असतात, आणि प्रत्येक जागा इनपुट करायची की आउटपुट, ते आपण ठरवायचं. इनपुट केली तर ती नुसती ऐकते, दार उघडं की बंद एवढंच. आउटपुट केली तर हुकूम सोडते, दिवा लाव, भोंगा वाजव.

एक डबा बाबांकडे बसवला, एक माझ्या स्वयंपाकघरात. बाबांच्या दाराला चुंबकाचा सेन्सर लावला. तिकडे दार उघडलं की इकडे माझ्या ओट्यावरचा हिरवा दिवा लागतो. सकाळी दार सताड उघडं टाकून जिन्यापर्यंत झाडायची त्यांची सवय तुला माहीतच आहे. दिवा बराच वेळ जळला की मी समजते, उठले, झाडतायत, हातपाय चालतायत. रोज फोन करून उलटतपासणी घ्यायला नको.

पहिल्याच दिवशी मी सेटिंग उलटं करून ठेवलं. दार बंद असलं की दिवा चालू. संध्याकाळी घरी आले तर दिवा ढणाढणा जळतोय. तशीच चप्पल घालून धावले, तर बाबा दार लावून भाजी निवडत बसलेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या डब्याला माझं दार उघडं दिसतं? मला तर बंद दिसतंय."

आता सेटिंग सुलट आहे, पण माझं डोकं उलटं व्हायची वेळ आली आहे. सकाळचं झाडणं व्यवस्थित कळतं. मग मात्र सुटीच्या दिवशी मी ओट्याशी असते तेव्हा बघते, दिवा मध्येच लागतो आणि लगेच विझतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्याला ना वेळ ना काळ. वायरी हलवून पाहिल्या, इनपुटची जागा बदलली, दिवासुद्धा बदलला. सगळं बरोबर आहे आणि तरी काहीतरी चुकतंय. तुला काही सुचतं का?

बाकी बाबा मजेत. तुझा विषय आम्ही काढत नाही.

तुझी,
खटपटी

•

२८ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझा निरोप मिळाला. मी पानं भरभरून लिहायचं आणि तू उत्तर काय पाठवायचं, तर 'सेन्सर थडथडत असेल, फिल्टर वाढव.' बाबा कसे आहेत, हे विचारायला जास्तीची शाई लागली असती का?

असो. तुझं ऐकलं. फिल्टर पार शेवटच्या आकड्यापर्यंत नेला. आता दार उघडल्यावर मिनिटभर उघडं राहिलं, तरच डबा त्याला उघडणं म्हणतो. त्याहून कमी वेळ उघडलं तर त्याच्या लेखी काही घडलंच नाही. दिवा एकदम शहाण्यासारखा वागायला लागला. सकाळी लागतो, मग दिवसभर गप्प. तुझी हुशारी अजून शाबूत आहे म्हणायची.

तरी मला चैन नाही. दुरुस्त झालं की नुसतं दिसेनासं झालं, ते कळत नाही. कामावर कोणी असं केलं असतं तर मीच त्याला झाडलं असतं.

आणखी एक. बाबांनी खिडकीजवळची खुर्ची उचलून दाराशी आणून ठेवली आहे. का विचारलं तर म्हणाले, इथे उजेड बरा आहे. दादा, तिथे भर दुपारी पेपर वाचता येत नाही. आणि त्यांना हाक मारली की दोनदोनदा मारावी लागते. हे नुसतं वय, की तू तेव्हा म्हणत होतास ते खरं? आई गेल्यावर तू म्हणालास, यांना एकटं ठेवता येणार नाही. मी म्हटलं, येईल. आता मी कधी तुझ्या बाजूने विचार करते, कधी माझ्या, आणि भांडीही नीट घासून होत नाहीत.

त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही, असं ठरवून बसले होते. नाही लिहीत.

खटपटी

•

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. बाबाही बरे आहेत, म्हणजे थांब, नीट सांगते.

शनिवारी नवा सेन्सर घेऊन त्यांच्याकडे गेले. कळवलं नव्हतं. जिना चढून बेलवर बोट ठेवणार, तोच दार उघडलं. बाबांचा चेहरा असा उजळला होता की माझ्या मागून कोणी येतंय का, म्हणून मीच वळून पाहिलं. मग ते म्हणाले, "तू होय." आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेले.

मी स्टुलावर चढून सेन्सर उघडला. अगदी नव्यासारखा. ढिला नाही, गंजलेला नाही. तो हातात घेऊन मी डोकं खाजवत असतानाच बाबा खुर्चीतून उठले, मला बाजूला व्हायची खूण केली, दार उघडलं, जिन्याकडे पाहिलं, दार लावलं आणि परत जाऊन बसले. थोड्या वेळाने पुन्हा उठले. जिन्यावर चिटपाखरू नव्हतं.

मला आधी भीती वाटली. नाही नाही ते मनात आलं. कोणाची वाट बघताय, असं विचारलं तर म्हणाले, वारा घेतो. मी स्टूल बाजूला सारलं, त्यांच्या पायाशी बसले आणि पुन्हा विचारलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला हल्ली बेल ऐकू येत नाही. त्याच्याकडे चावी नाही. येऊन परत गेला तर?"

दादा, दिव्यात काही बिघाड नव्हता रे. सेन्सर बरोबर, वायर बरोबर, डबा बरोबर. बाबा दार उघडून तुला बघत होते, आणि आपण दोघा शहाण्यांनी ते मोजायचंच नाही, असं ठरवून टाकलं.

त्या दिवशी चावी तूच टेबलावर ठेवून गेलास, हे मला आठवतं. ती मागितली बाबांनी, हेही आठवतं. या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस, असं ते म्हणाले होते. तू तो शब्द पाळलास. ज्याने उच्चारला त्यालाच तो पाळता येत नाही.

मला रडू आलं, पण हातात पेचकस होता, म्हणून आधी काम केलं. बेलचं बटण दुसऱ्या इनपुटला जोडलं आणि एक आउटपुट त्यांच्या खुर्चीशेजारच्या दिव्याला. आता बेल दाबली की त्यांच्यासमोर दिवा लागतो. बाहेर जाऊन चारचारदा दाबून पाहिलं. दर वेळी लागला. म्हटलं, बाबा, आता उठायचं कारण नाही, कोणी आलं तर हा दिवा सांगेल. त्यांनी मान डोलावली. छान केलंस म्हणाले. आणि मी सामान पिशवीत भरत होते तेवढ्यात उठून दार उघडून बघून आले.

मग बहिरेपण ते कारण होतं की नव्हतं? हे आजारपण आहे की नुसती वाट बघणं? डॉक्टरांना विचारीन, पण विचारायचं काय, तेच मला सुचत नाही. म्हातारा माणूस दार उघडतो, याला औषध काय द्यायचं? तू म्हणत होतास की ते एकटे राहू शकणार नाहीत, आणि मला वाटतं ते खरं आहे. पण तू तेव्हा वृद्धाश्रमाचं बोलत होतास आणि ते तुझी वाट बघतायत. यात कोण बरोबर ठरलं, मला सांगता येत नाही.

निघताना मी विचारलं, त्याला चावी पाठवू का? ते दाराकडेच बघत राहिले. मला वाटलं, ऐकू आलं नाही. पुन्हा विचारणार तोच म्हणाले, "नको. दार मी उघडीन."

घरी येऊन पहिलं काम केलं, फिल्टर काढून टाकला. दिवा पुन्हा लागतो, विझतो. हे लिहितानासुद्धा लागून गेला. पूर्वी चीड यायची, आता बघवत नाही, पण बंद करणार नाही.

तू ये. वहिनीला, पिल्लाला मागाहून आण, आधी एकटा ये. संध्याकाळी ये, म्हणजे सकाळच्या झाडण्यात माझा गोंधळ व्हायचा नाही. दिवा लागला आणि लागूनच राहिला, की मी समजेन. मला फोन करू नकोस.

आणि बेलची जोडणी चोख आहे, मी तपासली आहे, पण तू ती वाजवू नकोस. नुसता दारासमोर उभा राहा. तुला फार वेळ थांबावं लागणार नाही.

ओट्याशी उभी असलेली,
तुझी खटपटी