उरलेल्या माणसांची ओळख

नांदेड
दि. २ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप गुरुपादप्पामामांस,
तनुजाचा सा. न. वि. वि.

घशाच्या ऑपरेशननंतर तुम्ही फोन घेत नाही आणि मोबाईलवर लिहिलेलं वाचत नाही, म्हणून हे पोस्टानं. शाळेत मार्कांसाठी लिहिली ती सोडली तर हे माझं पहिलंच पत्र. तुमच्या शिवकन्येचं लग्न आठ फेब्रुवारीला आणि त्याच दिवशी माझी परीक्षा, हे कळल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. मामींना सांगा, तिची समजूत काढा म्हणावं.

मी सकाळी अभ्यासिकेची देखरेख करते. रविवारी दुपारी तिथल्याच चौघी मैत्रिणी जमतात आणि आम्ही एक खेळ खेळतो. आई म्हणते की घराण्यातली पहिली पदवीवाली पोरगी, आणि ती फासे टाकत बसते. पण हा खेळ वेगळा आहे. यात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येक मुलगी एक पात्र होते, कुणी वैद्य, कुणी तलवारबाज. ते पात्र काय बोलेल, कुठं जाईल, हे तीच ठरवते. जमलं की फसलं, ते फासा सांगतो. मी कुणी एक नसते. त्यांना वाटेत भेटणारी उरलेली सगळी माणसं मी: नावाडी, खाणावळवाली, चोर, राजाची आत्या. माझं नगर मी मुद्दाम असं बांधलंय की तिथं आडनाव नाही, जात नाही, बाईनं दाराआडून बोलणं नाही.

अडचण या उरलेल्या माणसांची आहे. मागच्या रविवारी खाणावळवालीचं अकरा ओळींचं वर्णन मी वहीतून वाचलं. डोळे, रंग, लुगडं, तिचं दुःख, सगळं. पुनमनं (ही हदगावची, पोलीस भरतीची तयारी करते) ऐकून घेतलं आणि म्हणाली की ते राहू दे, ही कुणाची कोण ते सांग. मी म्हणाले की या नगरात असं विचारत नाहीत. मग त्यांनी तिला काहीच विचारलं नाही. जेवल्या आणि पुढं गेल्या. आज तिचं नावसुद्धा कुणाला आठवेना. उमादेवी म्हणते की तुझी सगळी माणसं एकाच शिंप्याकडून आणलेली दिसतात.

तुम्ही सव्वीस वर्षं लग्नांत माईक धरलात. एका दिवसात दोनशे पाहुण्यांची नावं पुकारायचात आणि प्रत्येक नावाला मांडव मान वळवायचा. ते कसं जमायचं, मला लिहा.

तुमच्या मायेतला माझा वाटा तसाच ठेवा.

तुमची भाची,
तनुजा


शिरूर अनंतपाळ
दि. ११ नोव्हेंबर २०२५

चि. तनुजास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर डॉक्टरासारखं झालंय, म्हणजे शिक्षण अंगी लागलं म्हणायचं. खेळ कळला. चौघी एकेक माणूस होणार आन् तू एकटी अख्खा बाजार.

माणूस मांडवात शिरला की लगेच तोंड उघडायचं न्हाई. त्याला आधी काहीतरी करू द्यायचं. कुणी चपला कुठं सोडाव्या ते बघतो, कुणी टोपी सरळ करतो, कुणी आहेराची पिशवी बायकोकडं देतो. लोकांची नजर तिकडं गेली, की मग नाव. आधीच पुकारलं तर लोक माणूस हुडकत बसतात आन् नाव वाऱ्यावर जातं.

रंग-उंची सांगून काय करायचं? मी एवढंच म्हणायचो की नवरीच्या आत्याचे दीर आलेत, अर्धापूरहून केळीचे चार घड घेऊन. संपलं. माणूस कुणाशीतरी जोडला गेला आन् त्याच्या हातात काहीतरी आलं. एका माणसाला एकच गोष्ट. तू अकरा ओळी वाचल्या, मांडवात असं केलं असतं तर नवरदेव म्हातारा झाला असता.

तुझी पुनम कुणाची कोण विचारते, त्याचा तुला राग येतो. हे विचारणारे मागाहून जातबी विचारतात, ते मलाबी ठाऊक हाय. पण जात नको असंल तर दुसरा धागा दे. खाणावळवाली नावाड्यावर रुसलीय, एवढं सांग. पोरी त्या धाग्यानं जातील. आन् वहीतून वाचू नको. वही फक्त कुणी राहून जाऊ नये म्हणून. निलंग्याच्या एका लग्नात रामलिंगाचं नाव माझ्याकडून राहिलं, तो भरल्या ताटावरून उठून गेला.

लग्नाची तयारी चालू हाय. बाकी ठीक.

आठवण ठेवून असावे.
गुरुपादप्पा

तनू, पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून खाली चार ओळी मी लिहिते. लातूरच्या दवाखान्यातून आणलेलं गळ्याला लावून बोलायचं मशीन ह्यांनी टॉवेलात गुंडाळून ट्रंकेत टाकलंय. एकदाच लावलं होतं. आता काय पाहिजे ते पाटीवर लिहून दाखवतात. शिवकन्येला पाटीवरच सांगितलं की लग्नात मी आचाऱ्याकडं बघीन, मांडवात येणार न्हाई. माईक हरिओमला सांगितलाय, त्याचं काही न्हाई. पण बापच मांडवात नसला तर पोरीनं कुणाकडं बघून अक्षता घ्यायच्या? ती रडून राहिली. तुझं ऐकतात, तू लिही. — नागम्मामामी


नांदेड
दि. ३० नोव्हेंबर २०२५

ती. मामांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. त्याच रविवारी नावाडी आणला. आधी नाव नाही सांगितलं. नदीकाठी एक माणूस होडी उलटी घालून तिच्या सावलीत भाकरी खातोय आणि खाणावळीकडं पाठ करून बसलाय, एवढंच बोलले आणि गप्प राहिले. पुनम लगेच म्हणाली की पाठ का केलीय ते मी जाऊन विचारते. पाऊण तास त्या दोघांचं भांडण मिटवण्यात गेला. आज येता-येताच उमादेवीनं विचारलं की नावाड्याचं आणि तिचं पुढं काय झालं.

म्हणून आज मी एक खास माणूस आणला. उत्तर दरवाजाचा पहारेकरी. लढाईत त्याच्या गळ्याला घाव लागला, आवाज गेला, आता तो पितळी नळी लावून घरघरत्या आवाजात बोलतो आणि तरीही ताठ उभा असतो. मी मनापासून सांगितलं. सगळ्यांचे डोळे भरून आले. पुनमच्या पात्रानं स्वतःची शाल त्याला दिली. उमादेवी त्याच्याशी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलली.

मामा, मामींनी मला मशीनबद्दल लिहिलं, त्यांच्यावर रागावू नका. तुम्ही ते लावून मांडवात उभे राहिलात तर लोक तुम्हालाही असाच मान देतील. माणसं चांगली असतात, त्यांना संधी द्यावी लागते.

माझ्यावर लोभ आहेच, तो कमी करू नका.
तनुजा


शिरूर अनंतपाळ
दि. ८ डिसेंबर २०२५

चि. तनुजास, आशीर्वाद.

मी सव्वीस वर्षांत देवणीचे लंगडे पाटील आले, असं कधी पुकारलं न्हाई. ते लंगडत होते ते लोकांना दिसत होतं. मी म्हणायचो की नवऱ्या मुलाला पोहायला शिकवलेले पाटील आले.

तू पहारेकऱ्याकडं काय न्हाई ते सांगितलंस. त्याला काय पाहिजे ते सांगितलंस का? कोणत्या कामाला उभा हाय? तुझ्या पोरींची चूक न्हाई. तू दिलेल्या ओळखीला त्या तशाच वागल्या, शाल पांघरवली आन् पुढं गेल्या. मोठ्यानं बोलल्या म्हणून तुला बरं वाटलं. इथंबी लोक माझ्याशी मोठ्यानंच बोलतात. घसा कापलाय, कान न्हाईत कापलेले.

ते मशीन मी दवाखान्यात एकदा लावलं. पिठाच्या गिरणीसारखा आवाज निघाला. शेजारच्या खाटेवरची बाई हात जोडून म्हणाली की देवानं असं कुणाचं करू नये. शिवकन्येच्या लग्नाला सहाशे माणूस येईल. घरी जाताना ते जेवणाचं बोलणार न्हाईत, नवरीचं बोलणार न्हाईत. नवरीचा बाप मशीननं बोलतो, एवढंच बोलतील, आन् सासरी तीच तिची ओळख होईल. म्हणून आचाऱ्याकडं बसणार. हा विषय पुन्हा लिहू नको.

पहारेकरी काढून टाक, न्हाईतर त्याला काम दे.

गुरुपादप्पा


नांदेड
दि. २१ डिसेंबर २०२५

ती. मामांस, सा. न. वि. वि.

चुकले. त्याला धडा म्हणून उभा केला होता, माणूस म्हणून नाही.

काढला नाही, काम दिलं. आज चौघी दरवाजाशी पोचल्या तेव्हा दिवस मावळत होता. तो अडसराची साखळी ओढत होता आणि एक डोळा गल्लीकडं होता. दिवस मावळला की दरवाजा उघडायचा नाही, हा नियम. आणि गल्लीच्या टोकाच्या घरात त्याची मुलगी बाळंत होतेय, त्याला लवकर जायचंय. एवढंच सांगितलं. तो नळीतून काय म्हणाला, तर उद्या या.

तासभर भांडण झालं. उमादेवीनं लाच देऊ केली, ती त्यानं परत केली. मग तिनं राजाची ओळख सांगितली, तर तो म्हणाला की राजालाही उद्याच यायला सांगा. पुनम भरतीचं सगळं कायद्याचं पुस्तक त्याच्यावर रिकामं करून बसली. नळीचा विषय एकदाच निघाला. ती चिडून म्हणाली की ओ काका, ती नळी जरा खाली ठेवा आणि माझं ऐका. शाल तिनं परत मागितली.

शेवटी चौघी वेशीबाहेर झोपल्या. घरी जाताना त्याला शिव्या देत गेल्या. इतका राग त्यांना माझ्या कुठल्याच माणसाचा आला नव्हता.

तुम्ही सांगितलंत म्हणून लग्नाविषयी काही लिहीत नाही.

राग ओसरला की दोन ओळी पाठवा, न ओसरला तरी पाठवा.
तनुजा


शिरूर अनंतपाळ
दि. १६ फेब्रुवारी २०२६

चि. तनूस, नागम्मामामीचा आशीर्वाद.

कालच्या शिवरात्रीचा उपास सोडला आन् लिहायला बसले. तुझा पेपर बरा गेला असंल. तू आली न्हाईस, शिवकन्या फोटो काढताना दोनदा तुझ्या नावानं ओरडली.

आपलं माणूस सकाळपासून आचाऱ्याकडंच होतं. मी विचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई. मशीन तेवढं ह्यांनी माझ्या पिशवीत ठेवलं होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा. बारा पन्नास झाले तरी नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या देवळापाशीच, पोरं डीजेपुढं नाचून राहिलेली. हरिओमनं माईकवरून चारदा हात जोडले, कोण ऐकतंय? शिवकन्या शालू नेसून उन्हातल्या मांडवात उभी, घामानं मळवट उतरलेला. एक वाजला तसं हे आचाऱ्याकडून उठले, माझ्यासमोर आले आन् हात पुढं केला. मी मशीन दिलं.

देवळापाशी जाऊन आधी डीजेची वायर उपटली. मग मशीन गळ्याला लावून म्हणाले की नाच संपला, चला. पोरं म्हणाली की काका, एकच गाणं. हे म्हणाले की अर्धंबी न्हाई. डीजेवाला म्हणाला की मला मुलाकडच्यांनी बोलावलंय, तुम्ही कोण? तेवढ्यात नवरदेवाचे, राजशेखरचे मामा तणतणत आले की मुलीकडच्यांनी जरा दमानं घ्यावं. ह्यांनी त्यांनाच विचारलं की तुमच्या भाच्याला लग्न लावायचंय का नाचायचंय, ते आत्ता सांगा, मी आचाऱ्याला तसा निरोप देतो. पाव तास चाललं. मी जवळच उभी होते. ह्यांच्या गळ्याकडं कुणी बघत नव्हतं, सगळ्यांचे डोळे हातातल्या वायरीवर. वायर खिशात घालूनच नवरदेवाच्या पुढं चालत मांडवात आले आन् शिवकन्येच्या मागं उभे राहिले. अक्षता पडेस्तोवर हलले न्हाईत. तिकडं बुंदी करपली, ती आम्ही तशीच वाढली.

काल शिवकन्येचा उदगीरहून फोन आला. तिथं अख्ख्या गल्लीत एकच बोलणं चाललंय म्हणे, की सुनेचा बाप लई कडक हाय. सासूनं तिला हळूच विचारलं की तुला न्यायला दुसरं कुणी आलं तर चालंल का.

हे मी ह्यांना सांगितलं. परवाच्या पहिल्या गाडीनं स्वतःच निघालेत.

तुझ्याकडून पत्र येत राहो, आमच्याकडून माया येत राहील.

तुझी मामी,
नागम्मा