बॅगेत आता कांदे

राजकोट

लाडक्या मायला शांतवनचा सलाम. प्रभू तुला सांभाळो.

फोनवर रडू येतं, म्हणून लिहून राहिलो. अक्षर डाव्या हाताचं हाय, वाकडं दिसल. उजव्याची दोन बोटं मशीनीत चेंबली. टाके पडले, आता दुखत न्हाई.

मागच्या तीन कामांवानी हेबी सोडून पळायचं ठरवलं, बॅग भरली. पण प्रार्थनेबिगर उंबरा वलांडू नको, असं तूच शिकवलं. गुडघे टेकले अन् लेकरासारखा रडलो. उठलो तं जीव हलका, पळायची घाईच सरली. येशूनंच हाताला धरून बसवलं, माय.

शेठनं बसायचं काम दिलंय. बॅग रिकामी केली, तिच्यात आता कांदे ठेवतो.

बाबाला बोटांचं हळूच सांग. त्यांचा खोकला थांबला का? रविवारी चर्चमधी डोंगरकड्याच्या मंडळीला सलाम सांग.

तुझा, एका जागी टिकलेला,
शांतवन