पांढऱ्या डब्यांचा मान

नारीन, बुधवार

मोठ्या आत्याबाईंना सुनेचा कमरेत वाकून सलाम.

जनावरं बरी आहेत ना? (बिश्केकमध्ये नवव्या मजल्यावर तुमच्याकडे जनावर म्हणून एक मांजर आहे हे मला माहीत आहे. पण आधी जनावरांची चौकशी आणि मग माणसांची, हा आपला रिवाज मी मोडणार नाही. तेव्हा मांजर कसं आहे?) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? खालच्या मजल्यावरची ती पियानोवाली अजून पहाटे वाजवते का? इकडे सगळं ठीक आहे. पोरं ठीक, नवरा ठीक, कुरणावर गवत भरपूर. एक किरकोळ भानगड झाली आहे, पण मी ती निस्तरणार आहे, त्यामुळे तुम्ही अजिबात काळजी करू नका.

मागे तुम्ही विचारलं होतंत, ही सून दवाखान्यात जाते, पण सुई टोचत नाही, नाडी बघत नाही, मग करते तरी काय? आत्याबाई, मी आकडे बघते. मेंढरांपासून येणारा तो सांधे धरणारा ताप तुम्हाला माहीतच आहे, आपल्या घराण्यात निम्म्या लोकांचे गुडघे त्यानेच गेले. त्यावरची तीन औषधं आम्ही पांढऱ्या, हिरव्या आणि पिवळ्या डब्यांतून देतो. कोणाला कुठली डबी, ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. पूर्वी अशा चाचण्या शेवटपर्यंत एकाच चालीनं रेटायचे, एखादं औषध लंगडं निघालं तरी बिचारे रोगी तेच गिळत बसायचे. आमची पद्धत लवचिक आहे. निम्म्या वाटेवर बाहेरची तीन शहाणी माणसं बंद खोलीत बसून हिशेब बघतात आणि लंगडं औषध काढून टाकतात. पुढे येणाऱ्यांना मग उरलेली बरी औषधंच मिळतात. कधी बघायचं, किती फरक पडला तर काय करायचं, हे पहिली गोळी देण्याआधीच लिहून ठेवलेलं असतं. आणि ते लिहिलंय कोणी? मी. (बढाई मारत नाही, पण राजधानीतल्यांनी दोनदा फोन करून शाबासकी दिली.)

चूक एवढीच झाली की कुरणावरच्या सभेत हे समजावताना मी म्हटलं, "ही योजना वाकते." त्यापुढे मी पाऊण तास बोलले, पण लोकांनी ऐकलं ते तेवढंच. म्हातारे मामबेताली लगेच म्हणाले, "वाकते ना? मग जरा माझ्याकडे वाकव की, पोरी!" सगळे हसले, मीही हसले. एक गृहस्थ मात्र हसले नाहीत. ते विचारात पडले. त्यांचं नाव मला घेता येत नाही, ते का हे तुम्हाला सांगायला नको. तुमचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मामंजी.

गेल्या रविवारी मी वर कुरणावर गेले. सुनेचं कौतुक म्हणून मेंढरू कापलं. मामंजींनी नेहमीप्रमाणे स्वतः हाडं वाटली. मांडीचं मोठं हाड सर्वांत वडील पाहुण्याला, त्याखालचं त्याखालच्याला, असं करत करत दारापाशी बसलेल्या सुनांपर्यंत. एकाचंही चुकलं नाही, चाळीस वर्षांत चुकलेलं नाही. जेवण झालं, चहा आला आणि मंडळींनी गोळ्या घ्यायला खिशांतून डब्या काढल्या. आत्याबाई, माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. वरच्या मानाच्या जागी सगळ्या पांढऱ्या डब्या. मधल्या वयाच्या माणसांकडे हिरव्या. आणि दारापाशी सुनांच्या ओळीत पिवळ्याधमक!

आता सासऱ्यांशी तोंडावर वाद घालायचा नाही, म्हणून मी चहाचं पाणी उकळणाऱ्या समोवाराला म्हटलं, "समोवारा, या डब्या अशा कशा रे बसल्या?"

मामंजींनीही समोवारालाच उत्तर दिलं. "यंत्रानं वाटल्या होत्या. यंत्राला काय कळतंय कोण थोर, कोण धाकटं? मामबेतालीला पिवळी दिली होती! कावीळ पिवळी, वाळलेलं गवत पिवळं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या हातात पिवळी डबी? दूध पांढरं, ते वडीलधाऱ्यांना. मी एकेका तंबूत जाऊन सगळं नीट लावून दिलं."

"समोवारा, पण विचारायचं तरी होतं."

"समोवारा, योजना वाकते असं तिनंच सांगितलं होतं. मी वाकवली."

(पिवळी डबी हातात असलेली आमची धाकटी जाऊ इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं.)

मी हसले नाही. कारण पांढरी डबी घेणारे सगळे म्हातारे, वीस-वीस वर्षांचं जुनं दुखणं अंगात मुरलेले. ते कशानेही लवकर बरे होणार नाहीत. परवा शुक्रवारी ती तीन माणसं खोलीत बसतील तेव्हा त्यांना औषध दिसणारच नाही, म्हातारपण दिसेल. पांढरं लंगडं म्हणून ती ते काढून टाकतील, आणि तेच चांगलं असलं तर? पुढच्या वसंतात मेंढ्यांची बाळंतपणं करताना ज्यांना ताप येईल, त्यांना मी काय देऊ? मला याचा राग येतो आणि भीतीही वाटते, हे तुम्हालाच सांगते.

खाली येऊन मी आमचे मुख्य डॉक्टर एसेनकुल यांना सगळं सांगितलं. "वाटप कोणी बदललं? नाव सांगा," ते म्हणाले. मी डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. त्यांनी तो पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं. "सासरचे का? बरं. नाव कशावरून आहे? प्राणी? धातू?" धातूला मी मान डोलावली. "लोखंड? तांबं? मग... पोलाद?" मी खिडकीबाहेर बघितलं आणि त्यांनी पोलादावरून होणारं नाव बरोबर लिहून घेतलं.

पण नुसत्या नावानं भागत नाही. मी एकच तंबू पाहिला. बाकीच्या तंबूंत कोणाची डबी कोणाकडे गेली ते एकट्या मामंजींना आठवतं, आणि ते बोलल्याशिवाय बाकीचे तोंड उघडणार नाहीत. शुक्रवारी दार बंद होण्याआधी खरं कळलं, तर बघणं पुढे ढकलता येतं आणि या मंडळींना वेगळं काढून नवी माणसं घेता येतात. एवढं वाकायची सोय मी आधीच लिहून ठेवली आहे. दार उघडल्यावर तेच खरं सांगितलं तर लोक म्हणतील, निकाल बघून गोष्ट रचली. पण काळजी नको. मी सगळं सांभाळीन.

तुमची सून,
सपारगुल

ता. क. मामंजी रुसले आहेत. आता समोवाराशीही बोलत नाहीत.

ता. क. २ : त्यांना नावानं हाक मारून दटावणारं माणूस जगात एकच उरलं आहे, त्यांची थोरली बहीण. हे पत्र आज रात्री गाडीचा ड्रायव्हरच तुम्हाला आणून देईल, आणि त्याची परतीची गाडी उद्या सकाळी आठला सुटते. पुढची जागा तुमच्यासाठी राखून ठेवायला ड्रायव्हरला सांगितलं आहे. मांजर शेजाऱ्यांकडे ठेवा.

ता. क. ३ : काल धाकट्या जावेनं सांगितलं की जूनमध्ये तुम्ही इथून परत निघालात, तेव्हा लोणी आणि सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांबरोबर मामंजींनी तुमच्या पिशवीत एक पांढरी डबीही घातली, मानाची म्हणून. आत्याबाई, तुम्हाला तो ताप कधी आलेलाच नाही! एकही गोळी घेतली असेल तर आता थांबा, आणि डबी घेऊन या. शुक्रवारी डॉक्टरांसमोर सगळे ओळीनं बसतील, वयाप्रमाणे. कबुली द्यायचा पहिला मान तुमचा.