एकत्र भोगायची शिक्षा

मी, खाली सही करणारा, वय बावीस, कॉलेज अर्धवट सोडलेला, धंदा सायकल दुरुस्ती, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. डोकं तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे. मरायची घाई नाही. मात्र माझ्यामागे माझी एक टाचणीही दादाच्या हाती लागू नये, म्हणून आजच लिहितो.

दादाने चष्मेवाल्यांच्या दुकानाचं शटर फोडलं. पकडला गेल्यावर माझं ओळखपत्र पुढे केलं, माझ्या नावाने जामीन घेतला आणि पसार झाला. वॉरंट निघालं माझ्यावर. पोलिसांनी मला भर वर्गातून उचललं. बोटांचे ठसे जुळेनात म्हणून सुटलो, पण कॉलेजात परत जायला तोंड उरलं नाही. पुढे दादा सापडला, आणि काल त्याला शिक्षा झाली: घरफोडीबद्दल तीन वर्षं, नाव चोरल्याबद्दल दोन, दोन्ही एकत्र भोगायच्या. म्हणजे नुसती घरफोडी केली असती तरी तीनच. माझं नाव त्याला फुकटात पडलं.

१. खोलीतला माझा अर्धा हिस्सा आईला. तिने तो दादाला देऊ नये. कोर्टाबाहेर म्हणाली, "पोटात घाल रे, मोठा भाऊ आहे." आई, माझं पोट भरलं.

२. पाने, पंप, पंक्चरचं सामान मला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांना. मी कोठडीत असताना तेच एकटे आले आणि पोलिसांना शिव्या घालून गेले.

३. दादाला माझं ओळखपत्र. फोटोत मी हसतोय. तीन वर्षं बघत बसावं. माझ्या प्रेताला मात्र त्याने हात लावायचा नाही.

४. मोटारसायकल चष्मेवाल्यांच्या मुलीला. तिच्या बापाच्या नाकाला मिरच्या झोंबू देत. शिक्षा ऐकूनही तो म्हणतो, "दोघं मिळूनच आले असणार." वॉरंट निघाल्यापासून तीसुद्धा रस्त्यात ओळख दाखवत नाही. तरी गाडी तिलाच.

५. कलम दोन आणि चार रद्द. उस्ताद सामानावर पाणी सोडून स्वतः साक्षीदार झाले, आणि दुसरा साक्षीदार म्हणून तिलाच घेऊन आले. मी म्हणालो, "साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. सही केलीस तर गाडी गेली."
"ते खटारं तुझं तूच हाक. पेन दे."

सही: माझी, माझ्याच हाताने.
ठिकाण: उस्तादांचं दुकान.
दिनांक: शिक्षेचा दुसरा दिवस.

साक्षीदार, उस्ताद: माझ्यासमोर सही केली. पोरगं भडक आहे, पण शुद्धीवर आहे.

साक्षीदार, चष्मेवाल्यांची मुलगी: सही करणाऱ्याला मी ओळखते. हाच तो. बाबांनाही वाचून दाखवणार आहे.