आजोबांचं बोलणं

१४ मार्च, शनिवार

प्रिय चिमणे,

आज नवा कॉम्प्युटर आणला. जुना मधेच बंद पडायचा. दुकानातल्या माणसाने आईने आजोबांसाठी लिहिलेला प्रोग्रॅम त्यावर चढवला आणि निघून गेला. दुपारी आजोबांनी पडद्यावरचं पाण्याचं चित्र दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे बघत राहिले.

पक्षाघाताच्या झटक्याने वाचा गेली तेव्हापासून ते त्या चित्रांतूनच बोलतात आणि आवाज आईचा. गेलं वर्षभर सासरेबुवा मला तिच्या आवाजात रागावतात, चहात साखर कमी म्हणून टोमणे मारतात. मी साखर मुद्दाम कमी घालतो, हे त्यांना कळलंय की नाही कोण जाणे.

फोन केला तशी आईची ऑफिसमधली मैत्रीण लगेच आली. तिने आधी जुना कॉम्प्युटर परत जोडला. तो कसाबसा चालू झाला, तर आजोबांनी पाण्याच्या आधी 'शहाणाच आहेस' हे दाबलं, माझ्याकडे बघून. मग तिने मला समजावलं. रेकॉर्ड केलेले आवाज शाबूत आहेत, पण ते वाजवायला आईने कॉम्प्युटरच्या सिस्टिममधलीच एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार प्रोग्रॅमचा भाग, वापरली होती. ती सिस्टिमवाल्यांनी स्वतःच्या कामापुरती ठेवलेली, बाहेरच्यांना तिची हमी कधीच दिलेली नव्हती. नव्या आवृत्तीत त्यांनी ती काढून टाकली. "भाऊजी, तिने दुसऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकून आपलं कपाट टांगलं," ती म्हणाली. "भिंत पाडताना ते आपल्याला कशाला विचारतील?" तिने तेव्हाही आईला टोकलं होतं. आई म्हणाली होती, आधी माझ्या बाबांना बोलू दे, मग सावकाश बदलते.

तेवढी सवड मिळाली नाही.

काम अवघड नाही म्हणे. जिची कोणीतरी नीट देखभाल करतंय अशी लायब्ररी घ्यायची आणि तिची प्रत प्रोग्रॅमसोबतच ठेवायची. मैत्रीण करून द्यायला तयार होती. मी नको म्हणालो. म्हणजे, थोडं थांबा म्हणालो.

आई गेल्यापासून तू प्रोग्रॅम लिहायच्या कामाला हात लावला नाहीस आणि मीही विषय काढला नाही. फोनवर आपण हवापाण्याचं बोलतो. म्हणून आज लिहितोय. तिने लिहिलेलं तू बदलावंस, असं मला वाटतं. जुना कॉम्प्युटर किती टिकेल सांगता येत नाही. जमणार नसेल तर तसं कळव, मैत्रीण करेल, मी मनात काही ठेवणार नाही. आजोबांना दोन-चार नवी वाक्यंही हवी आहेत. ती तुझ्या आवाजात चालतील का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी 'हो' दाबलं आणि मी ऐकलं नसेल असं वाटून पुन्हा दाबलं.

दोरीवरचे कपडे वाळलेत. ते काढून घड्या घालतो.

तुझेच,
बाबा