नऊ तेवीसची शिट्टी

रविवार, १ डिसेंबर १९६३

सकाळी नऊ वाजून तेवीस मिनिटांनी माझ्यावर अन्याय झाला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. पुढे कोणी म्हणायला नको की बाई मोघम बोलतात.

पिस्तुलाच्या वर्गवारीची चाचणी होती. हळू नेमाचा पहिला टप्पा, वीस गोळ्यांचा, उत्तम गेला. वीस सेकंदांत पाच गोळ्यांचा दुसराही बरा गेला. राहिला जलद टप्पा — दहा सेकंदांत पाच. चार सुटल्या. पाचवीसाठी चाप दाबते आहे, तोच पंच नत्थुजींची शिट्टी! हात खाली. एक गोळी तशीच पिस्तुलात.

एकूण तीनशेपैकी दोनशे चौतीस. दुसऱ्या वर्गाला दोनशे चाळीस लागतात. एका गोळीने वर्ग गेला! आणि नियम असा की चाचणी वर्षातून एकदाच.

आठ सेकंदं झाली होती. दहा नाही. मी सव्वीस वर्षं अमरावतीच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी तिसऱ्या मिनिटाला तोडली आहेत. मला कोणी सेकंद शिकवू नये! बोर्डिंगात सिस्टर बर्नाडेट जेवणाआधीची लॅटिन प्रार्थना बरोबर दहा सेकंदांत म्हणवून घ्यायच्या. अठरा वेळा म्हटली की त्यांचं अंडं उकडायचं. (मी अंडं कधी खाल्लं नाही. उकडलं मात्र पुष्कळ.) देवाशी त्या भाषेत माझं कधी बोलणं झालं नाही, पण वेळ मी आजही तिच्यावरच मोजते. मनात म्हटली तर ती धावते, म्हणून पुटपुटत. आज शिट्टी झाली तेव्हा शेवटचे तीन शब्द तोंडातच होते. म्हणजे आठ!

मंगळवार, ३ डिसेंबर

तक्रार क्लबच्या चिटणिसांकडे, मोरोपंत वकिलांकडे, स्वतः नेऊन दिली. चार पानं.

"बाई, दोन सेकंदांचा तर प्रश्न!" — मोरोपंत.

"तुमच्या पक्षकाराला दोन वर्षं जास्त झाली तर असंच म्हणता का?"

त्यांनी चष्मा काढला. पुसू लागले.

घरी आल्यावर गोदावरी वहिनी म्हणाल्या, "वन्सं, चार पानं? तुमचे दादा गेल्याचं नातेवाइकांना कळवलंत तेव्हा पोस्टकार्ड पुरलं होतं तुम्हाला." माझ्याच भावाबद्दल! पण खरं आहे.

रविवार, ८ डिसेंबर

समितीचा निर्णय: माझी चाचणी पुन्हा. १२ जानेवारीला, अकोल्याच्या क्लबात. चौकशी पुरी होईपर्यंत नत्थुजींची शिट्टी मोरोपंतांकडे.

नत्थुजी — फौजेत हवालदार होते, आता अंजनगावच्या शेतीचं भावावर सोपवून आमच्या क्लबाचं मैदान सांभाळतात — आज खळीची वाटी घेऊन निशाणाच्या कागदांवरची भोकं बुजवत बसले होते. मला पाहून उठले. "या बाई! कागदावरचा नेम लय पक्का हाय तुमचा. चार पानात चार बी बराबर मधात."

मी म्हटलं, "शिट्टी नीट फुंकली असती तर एकही पान लागलं नसतं."

हसले. गळ्यात शिट्टीची दोरी नव्हती. सवयीने हात मात्र तिथे जात होता.

मंगळवार, १० डिसेंबर

क्लबचं पिस्तूल घरी आणता येत नाही. म्हणून खलबत्त्यातला बत्ता. वजन जवळपास तेच. सकाळी चाळीस वेळा, संध्याकाळी चाळीस: हात खाली तिरपा, मनात 'फायर', हात वर, स्थिर, प्रार्थना, हात खाली.

वहिनी दारात. "कुटायचं आहे की मारायचं आहे?"

"तुम्ही दारातून बाजूला व्हा, मग सांगते."

माझा बेत असा: त्यांची शिट्टी आठाला वाजते ना? मग मी आठातच पाच सोडीन! पहिली गोळी दुसऱ्या सेकंदाच्या आत. मग दीड-दीडाने एकेक. आठाला काम खलास.

रविवार, १५ डिसेंबर

मैदान. पहिली फेरी भयंकर — पाचही खाली डावीकडे. घाई झाली की मी चाप हिसकते.

नत्थुजींना शिकवायला बंदी कोणी केलेली नाही. आले. "बाई, तुमी निशाण काहून पाहून राह्यल्या? थे काय पळून जाते? माशी पाहा, माशी." माशी म्हणजे नळीच्या टोकाचा तो उंचवटा. "निशाण धूसर दिसू द्या. अन् चाप वढू नका, दाबा. घरी पांढऱ्या भितीकडे हात धरा. निशाणच नसलं त डोळा जाईन कुठी? माशीवरच राहीन."

आणखी एक सांगितलं. गोळी सुटली की कागदाकडे बघायच्या आधी बोलायचं: कुठे लागली असेल. बोलणं आणि भोक जुळायला लागलं की समजावं, हात आपला झाला.

पहिल्या दहात दोन जुळली. शेवटच्या दहात सहा.

मोरोपंत शिट्टी वाजवतात तीही आठालाच! वाजवणारच — मनगटावर नत्थुजींचंच घड्याळ बांधलंय.

बुधवार, १८ डिसेंबर

वहिनींनी हुरडा मागवला. दिवाळीत नवीन कवळी बसवल्यापासून मला हुरडा म्हणजे शिक्षा. त्या खात होत्या, मी भिंतीसमोर बत्ता धरून उभी.

रविवार, २९ डिसेंबर

आठात पाच! तीनदा! शिट्टी वाजली तेव्हा माझा हात आधीच खाली येत होता. पाचव्या गोळीची घाई नाहीशी झाली. युक्ती लक्षात आली ती अशी: पहिली गोळी मनासारखी व्हायची वाट पाहिली की पुढच्या चारांचा जीव जातो. माशी थोडी हलणारच. हलता हलता दाबत राहायचं.

नत्थुजींनी कागद मोजला. "चव्वेचाळीस." मग हळूच, "असा हात आमच्या पलटनीत दोघाचाच होता. अन् थे दोघं बी इतके भांडत नव्हते."

माझ्यामुळे शिट्टी गेलेल्या माणसाने हे म्हणावं! कागद मी घरी आणला. वहिनींना दाखवायला म्हणून. दाखवला नाही, उशीखाली आहे.

रविवार, १२ जानेवारी १९६४. अकोला

दोनशे एकावन्न! दुसरा वर्ग. माझा!

वहिनी बहिणीकडे जायचं निमित्त करून बरोबर आल्या होत्या. मैदानाबाहेर बाकावर डोळे मिटून बसल्या. "आवाज संपले का?" एवढंच विचारलं.

पण एक झालं. जलद टप्प्यात पाचही सोडल्या, हात खाली आला, शिट्टी वाजली — आणि माझ्या तोंडात शेवटचे तीन शब्द शिल्लक. अकोल्याचीही शिट्टी आठाला! मी तिथेच म्हटलं. वर्ग मिळालेला असतानाही म्हटलं; तत्त्व ते तत्त्व.

इथल्या पंचांनी, पंजाबराव त्यांचं नाव, खेळांच्या शर्यतीत असतं तसलं थांबघड्याळ माझ्या हातात ठेवलं. "बाई, तुमीच दाबा. तुमीच मोजा."

दाबलं. पुटपुटले. शेवटच्या शब्दाला थांबवलं. साडेबारा.

"घड्याळ बिघडलंय," मी म्हटलं.

त्यांनी दुसरं आणलं. साडेबारा.

रात्र इथेच. झोप येत नाही.

सोमवार, १३ जानेवारी

बडनेऱ्याच्या पॅसेंजरमध्ये वहिनी म्हणाल्या, "वन्सं, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"रागावणार."

"मग सांगतेच. दिवेलागणीला आपण दोघी स्तोत्र म्हणतो. पूर्वी तुम्ही माझ्याआधी संपवायच्या. ही कवळी आल्यापासून मी फूल वाहून, नमस्कार करून मोकळी होते, तरी तुमचं चालूच."

रागावले. मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेरचे खांब मोजले.

घरी आल्यावर शेजारच्या डॉक्टर रामरावांकडून नाडीचं घड्याळ आणलं. कवळी काढली. वहिनींनी काटा धरला. मी पुटपुटले. दहा. बरोबर दहा! कवळी घातली. साडेबारा. काढली, दहा. घातली, साडेबारा.

वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग मीही हसले — कवळीशिवाय, दार लावून घेऊन. पोट दुखेपर्यंत.

नंतर आठवली ती खळीची वाटी आणि नत्थुजींचा रिकामा गळा. हसू गेलं.

बुधवार, १५ जानेवारी

मैदानावर गेले. नत्थुजी भोकं बुजवत होते. सगळं सांगितलं. कवळीचंही. हे सांगणं बाळंतपणापेक्षा कठीण असावं. अनुभव दोन्हीपैकी एकाचाच आहे.

ते म्हणाले, "मले त पयलेच मालूम होतं, शिट्टी बराबर हाय."

"मग समितीपुढे बोलला का नाहीत?"

"तुमच्यापुढे कोन बोलते, बाई? मी फौजेत बी इतका भ्यालो नाही." मग खळीत बोट फिरवत, "अन् तुमी रागात लय चांगला सराव करून राह्यल्या होत्या. मनलं, चालू द्या."

मोरोपंतांना वाटेत गाठलं. ते म्हणतात, "जाऊ द्या बाई. वर्ग मिळालाय. चौकशी आपोआप विरेल. नत्थुजींनाही सवय झालीय आता."

सवय!

गुरुवार, १६ जानेवारी

सकाळी साडेदहाला चिटणिसांच्या हाती पत्र दिलं. एकच पान. नक्कल इथे:

१ डिसेंबरची शिट्टी पूर्ण दहा सेकंदांना वाजली होती. माझी तक्रार चुकीची होती. कारण विचारू नये. त्या तक्रारीवर मिळालेली चाचणी व दुसरा वर्ग रद्द करावा. माझे गुण दोनशे चौतीसच धरावेत. पुढच्या डिसेंबरात मी पुन्हा येईन. श्री. नत्थुजी यांची शिट्टी समितीने सर्व सभासदांसमोर त्यांच्या गळ्यात घालावी. तसे केल्याचे लेखी उत्तर शनिवार, २५ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत मला मिळावे.