दोन नंबर मोठे

३० नोव्हेंबर, रविवार

लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. दवाखान्यातल्या बाईंनी दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं, काका, राग आला की बोलू नका, वहीत लिहा, बी.पी. ताब्यात राहील. वही तेव्हाच आणली. राग रोज येत होता, वही कपाटात पडून होती. आज काढली, कारण आज तोंड उघडलं असतं तर घरात भांडी आपटली असती.

नात सायली, बारा वर्षांची. मुलुंडच्या मैदानावर चाकांचे स्केट्स घालून हॉकी खेळते, ते ठीक. आता तिचं नाव बर्फावरच्या हॉकीच्या शिबिरात आलंय. लेहला, जानेवारीत! फ्रिजमधलं पाणी प्यायली तर शिंका देणारी पोर. संदीपला म्हटलं, बाप ना रे तू तिचा? तर म्हणतो, "चान्स आहे बाबा, जाऊ दे ना." सूनबाई म्हणते, "नाही म्हणायचं असेल तर तुम्हीच सांगा तिला." मी सांगणार नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे.

बर्फाचे स्केट्स वेगळे. खाली चाकं नसतात, पातं असतं. संदीपची ड्यूटी, सूनबाईचं ऑफिस. म्हणजे अंधेरीच्या दुकानात म्हातारा जाणार. म्हातारा रिकामाच असतो.

२ डिसेंबर

डोकं फिरलंय. दुकानात एक पोरसवदा मुलगी, केस बारीक कापलेले. सायलीचा शाळेचा बूट पाच नंबरचा. हिने काढले साडेतीनचे. मी म्हटलं, बाई, पाच सांगितलं. "आजोबा, आइस स्केट बुटापेक्षा लहानच घ्यायचा असतो." कुठल्या गावचा नियम हा? पडून राहिलेला माल खपवायचा, दुसरं काय.

घालून दाखवला. मी विचारलं, अंगठा टेकतो का गो? सायली म्हणाली, "थोडासा." आज थोडासा, मग मार्चमध्ये काय? ती मुलगी म्हणते, उभं राहिलं की टेकतो, गुडघे वाकवले की टाच मागे जाते आणि अंगठा सुटतो. म्हटलं, आमची पोर काय शौचाला बसायला चाललीय? दुकानातला पोऱ्या हसला. सायली नाही हसली.

वाढता पाय आहे, दोन नंबर मोठे द्या म्हटलं. साडेपाच आणले. मुलीने टाचेच्या मागे बोट घालून दाखवलं, "बघा, बोट जातंय." जाऊ दे. मोजे कशाला असतात? आमच्या घरात आजवर पोरांची एकही वस्तू आजच्या मापाने आलेली नाही. संदीपचा पाचवीचा शर्ट त्याने आठवीत पण घातला. आणि माझी करंगळी? गिरणीत लागलो तेव्हा घट्ट बूट मिळाले, बदलून मागायची हिंमत नव्हती. ती करंगळी अजून शेजारच्या बोटाखाली शिरलेली आहे. पोरीच्या पायाचं ते होऊ देणार नाही.

मग त्या मुलीने स्केट्स चक्क ओव्हनमध्ये घातले! गरम करून पायावर बसवतात म्हणे. आधी म्हणाली, "एकदा गरम केले की परत घेत नाही हं आजोबा, नीट विचार करा." परत कोण आणतोय! पायताण भट्टीत घालतात हे ह्या वयात बघायचं राहिलं होतं.

रिक्षात सायली म्हणाली, "आबा, लहानवाले बरे वाटत होते." म्हटलं, तुला काय कळतं.

७ डिसेंबर, रविवार

मॉलमधल्या बर्फावर सराव. काचेच्या अलीकडे बाकडं, त्यावर आम्ही म्हातारे कानटोप्या घालून. शेजारी मानखुर्दचे गायकवाड. बसवर कंडक्टर होते, आवाज अजून तसाच. त्यांची नात ऋतुजा, पंधराची. ती ह्या वर्षी वयात बसली नाही म्हणून यादीत नाव नाही. तरी भाड्याचे स्केट्स घालून सरावाला येते.

सायलीचे घोटे आत कलत होते. वळताना भिंतीला धरत होती. चाकांवर वाऱ्यासारखी जाणारी पोर. नवीन आहे, होईल सवय, असं मी म्हणत होतो, तेवढ्यात गायकवाड सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय सावंत, नातीला स्केट घेतलेत की होडी?"

सगळं बाकडं हसलं.

मी म्हटलं, "तुमच्या नातीची जागा गेली म्हणून जळता काय?"

 गायकवाड उठून दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसले. जाईनात का. सुरुवात त्यांनी केली.

८ डिसेंबर

सायलीच्या दोन्ही टाचांना पाण्याचे फोड. लपवले होते. लंगडत बाथरूमला जाताना सूनबाईने धरलं. मी म्हटलं, दोन मोजे घाल एकावर एक, टाच हलणार नाही. सायली म्हणाली, "आबा, तुम्ही गप्प बसा ना."

मला. गप्प बसा. सूनबाई समोर होती, एक शब्द बोलली नाही पोरीला. जेवलो नाही. कुणी दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

१४ डिसेंबर, रविवार

दोन मोजे घातले, पुढे कापूस कोंबला. वळताना पाय आत फिरला, स्केट जागेवर. पडली. उठली. पुन्हा पडली. कोचने शिट्टी मारून बाहेर काढलं आणि माझ्याकडे आला. कालचं पोरगं, दाढी पण धड नाही.

"आजोबा, हे कोणी घेतले?"

"मी."

"ह्यावर मी हिला नेणार नाही. घोटा गेला तर खेळ संपला हिचा. पुढच्या रविवारपर्यंत मापाचे स्केट्स दाखवा, नाहीतर मला नाव बदलावं लागेल."

आधी नाही सांगता आलं? असं मी ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, ग्रुपवर मेसेज टाकला होता, माप कसं बघायचं त्याचा व्हिडिओपण होता. संदीपच्या फोनमध्ये. संदीपने उघडलाच नाही!

घरी येऊन संदीपला धरला. तो म्हणाला, "चुकलं माझं. पण त्या दुकानवालीने तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं ना? सायलीने सांगितलं होतं ना? तुम्ही कुणाचं ऐकता कधी?" माझ्या घरात, माझ्यासमोर उभा राहून. सायली आतल्या खोलीत. तिने दार लावून घेतलं. आमच्या घरात दिवसा दार लावायची पद्धत नाही.

१६ डिसेंबर

अंधेरी. परत घेत नाहीत. गरम केलेले, पात्यावर चरे पडलेले. मालकाने हात जोडले. ती केस कापलेली मुलगी होतीच. "मी सांगितलं होतं" असं एकदा तरी म्हणेल म्हणून मी तयारीत होतो. म्हणाली नाही. म्हणाली असती तर भांडता आलं असतं.

साडेतीनचा जोड आता नाही. माल बाहेरून येतो, जानेवारीच्या शेवटी. दुसरं दुकान? तिनेच दोन ठिकाणी फोन लावले, नाही. म्हणाली, टीममध्ये कुणाला लहान झालेले असतील तर विचारा, फक्त पाय हिच्यासारखा अरुंद हवा, कारण स्केट पहिल्या पायाचा आकार धरून बसतो.

रिक्षात सायली बाहेर बघत म्हणाली, "ऋतुजाचे आहेत." तिच्याकडून एवढेच शब्द. 

नेमकी ऋतुजा. सगळी मुंबई सोडून.

१७ डिसेंबर

संदीप म्हणाला, मी गायकवाडांना फोन करतो. म्हटलं, तू फोनच कर जन्मभर, आणि आलेले मेसेज नको उघडू. पुन्हा वाजलं आमचं. बी.पी.ची गोळी सकाळी घेतली की नाही आठवत नाही.

१८ डिसेंबर

गेलो मानखुर्दला. गायकवाडांनी दार उघडलं. "या. बुडाली वाटतं होडी." गिळलं. त्यांच्या बायकोने पाणी दिलं, चहा टाकला. मग सांगितलं कशाला आलो ते. मान वर करून सांगता येत नव्हतं, म्हणून पाण्याच्या पेल्याकडे बघून सांगितलं.

गायकवाड म्हणाले, "स्केट्स तिचे आहेत. मी तिच्या हातातून काढून देणार नाही. तुम्ही विचारा." आणि हाक मारली.

ऋतुजा आली. विचारलं, तुला ते लहान होतात ना, बाळा?

"होतात. पण माझे आहेत."

म्हटलं, त्या दिवशी रागात माझ्या तोंडून जे गेलं...

"ऐकलं मी ते. मध्ये काच आहे, भिंत नाही."

गायकवाडांची बायको चहा गाळता गाळता थांबली.  मग ऋतुजाच म्हणाली, "सायली का नाही आली?"

"ती माझ्याशी बोलत नाही."

तेव्हा ती हसली. आजोबांसारखीच हसते, मोठ्याने. "बरंय मग. तिला पाठवा. पाय बघते आधी. बसले तर बघू."

बघू! हो नाही, नाही पण नाही. ज्या शिबिराला तिला जाता येत नाही त्याच शिबिराला तिचे स्केट्स मागायला आलो होतो, हे खरं. तिने दार लावून घेतलं असतं तरी मी काय म्हणणार होतो? पण एवढीशी पोर मला ताटकळत ठेवते. राग घेऊन गेलो, राग घेऊन आलो.

२० डिसेंबर

सायली आणि सूनबाई मानखुर्दला जाऊन आल्या. पिशवीत स्केट्स!

सूनबाईने सांगितलं तेवढंच माहीत. ऋतुजाने स्वतः खाली बसून बांधले. आधी टाच जमिनीवर आपटायला लावली, मग खालपासून एकेक लेस खेचली. पातळ मोजा, एकच. डावा जसा काही सायलीसाठीच बनवलाय. उजवा मात्र बाहेरच्या बाजूने हाडाला लागतो. ऋतुजा म्हणाली, तिथे माझं पण लागायचं, मी कुणाला सांगितलं नव्हतं.

भेट नाही, उसने. परत आल्यावर परत. आणि रोज काय काय झालं ते ऋतुजाला कळवायचं, ही अट.

मी सायलीला विचारलं, उजवा किती लागतो? "आई, भूक लागलीय," म्हणाली.

२१ डिसेंबर, रविवार

कोचने टाचेमागे बोट घालून बघितलं. गेलं नाही. तिला गुडघ्यात वाकवलं, उभं केलं, पळवलं. घोटे सरळ! पोर अशी गेली बर्फावरून की मी बाकड्यावरून उठलो. नाव राहिलं. उजव्याचं काय, मी विचारलं. "तिकडे गरम करून ती जागा थोडी बाहेर काढू, आजोबा. लागलं तर तिने सांगायला पाहिजे फक्त."

तिने सांगायला पाहिजे. ती सांगेल? फोड आठ दिवस घेऊन हिंडली असती, आईने बघितलं नसतं तर. नाव जाईल ह्या भीतीने ही पोर हाड मोडेपर्यंत गप्प राहील. हे कोचला समजावत होतो, तो पुढच्या मुलीकडे गेला. कुणाला वेळ नाही ऐकायला.

गायकवाड येऊन बसले. म्हणाले, "पात्याला धार करून दिलीय." मी म्हटलं, "बरं." मग सराव संपेपर्यंत दोघेही काचेतून बघत बसलो.

मोठा जोड सूनबाईने माळ्यावर टाकला. म्हणते, दोन वर्षांनी होईल की. मला तो विषय नको.

३ जानेवारी

गेली. निघताना सगळ्यांच्या पाया पडली, माझ्या पण. वाकली, हात लावला, उठली. "येते आबा" नाही. मी आशीर्वाद द्यायचा सोडून म्हटलं, "उजवा पाय." तिने सॅक खांद्यावर घेतली.

संदीप विमानतळावर सोडून आला आणि म्हणतो, मस्त हसत होती मुलींबरोबर. म्हणजे हसू येतं तिला. बरं.

९ जानेवारी

सायलीचा तिच्या आईला एकदा फोन आला. तुटत तुटत. पोचलो, थंडी आहे, खेळतो, जेवण बरं आहे. सूनबाईला म्हटलं, पाय विचारलास? "राहिलं हो." राहिलं! जेवण विचारायला आठवलं. संदीप म्हणतो तिकडे नेटवर्क नसतं, तुम्ही उगाच डोक्यात घेता. मग कोणी घ्यायचं डोक्यात?

दुपारी गायकवाडांचा फोन. ऋतुजाला पण पहिल्या दिवशी एक निरोप आला, मग नाही. ती चिडलीय. मला विचारतात, तुम्हाला काही कळलं का? जसा काही मी रोज बोलतो. म्हटलं, माझ्याशी बोलत असती तर मीच नसता का तुम्हाला फोन केला? थोडं वाजलं. मग त्यांनीच विचारलं, "बर्फावर पाय बधिर होतो म्हणतात, दुखलेलं कळतं तरी का हो?" ह्या माणसाने हे कशाला काढलं. सकाळपासून तेच डोक्यात होतं माझ्या.

संदीप माझा निरोप सायलीला फोनवर टाइप करून पाठवणार आहे. त्याला म्हटलं, माझेच शब्द टाक, तुझी इंग्रजी नको. म्हणून आधी इथे लिहून काढतो.

सायू, माझ्यावर राग धर, हवा तेवढा. परत आल्यावर पण धर. पण उजवा लागत असेल तर आजच्या आज सरांना सांग. नाव गेलं तर जाऊ दे, मी भांडेन त्यांच्याशी. लागत नसेल तर तसं कळव. मला नको सांगू, आईला सांग, ऋतुजाला सांग, ती पण वाट बघतेय. दोन शब्द पुरे. पण लवकर कळव गो.